जुव्याची रात्र आणि सुकतीचे गणित

डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर आमच्या शेजारच्या सत्तरीतील पिसुर्ल्याचे. त्यांचा ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ हा ग्रंथ पुणे विद्यापीठाने १९६७ साली प्रसिद्ध केला. पेडणे-दिचोलीकडे ‘छावा’ पुष्कळ घरांत दिसतो. हा ग्रंथ क्वचितच दिसतो. याची खंत आहेच, पण त्यात माझाही दोष आहे.

२४ नोव्हेंबर १६८३ च्या रात्री मराठे ओहोटी साधून जुवे बेटावर उतरले आणि त्यांनी तेथला किल्ला घेतला. दुसऱ्या दिवशी विजरई कोंद द आल्व्होर स्वतः बेटावर चालून गेला आणि जखमी होऊन परतला. पुढे संभाजीराजांचा घोडा भरतीत सापडला व खंडो बल्लाळांनी त्यांना वाचवले, ही कथा मी वर्षानुवर्षे वर्गात रंगवून सांगत आलो.

एकदा फेरीने शाळेत येणाऱ्या एका मुलाने विचारले, “सर, घोडा वाहावला तेव्हा भरती होती. मग आदल्या राती सुकती केव्हा, ते कोणी मोजलं?”

मी निरुत्तर झालो. मल्हार रामराव चिटणीस खंडो बल्लाळांच्याच घराण्यातले. त्यांच्या बखरीत पूर्वजांचे कौतुक येणे स्वाभाविक आहे. आपल्या कादंबऱ्यांनाही घोडा प्रिय, पाणी नुसते मागचा पडदा!

पिसुर्लेकर वाचावेत ते यासाठी. कागदामागून कागद येतो, रंजन नाही. शिवाय दप्तर शत्रूचे, म्हणून त्यात शत्रूची भीती आणि बढाईही आहे. पण तारखा एकापुढे एक मांडल्या की कोडे सुटते. बेट जिंकूनही मराठ्यांनी ते दोन दिवसांत का सोडले? उतरणे हे अर्धेच काम. टिकायला मागून माणसे आणि दाणागोटा यावा लागतो. सहा तासांनी भरती वाट बुजवते. त्यात मोगल जवळ येत होते. जानेवारी १६८४ मध्ये शाह आलमची फौज दिचोलीत येऊन पोहोचली. बेट सोडणे ही हार नव्हती, हिशेब होता.

नॉर्मंडीची ६ जून १९४४ ही तारीखसुद्धा ओहोटी आणि चंद्र पाहूनच ठरली होती. आपल्याकडे १८ डिसेंबर १९६१ रोजी अंजदीव बेटावर उतरताना नौदलाचे सात जवान कामी आले. त्याच संध्याकाळी उत्तरेकडून आलेली फौज बेतीला पोहोचली. मांडवीवर पूल नव्हता. ती १९ तारखेच्या सकाळी पणजीत उतरली.

खाजन, बांध, मानस ही आमच्या मुलांची घरची भाषा. जुव्याचा इतिहास त्यांना आपल्याहून लवकर कळेल. म्हणून ‘छावा’ जरूर वाचा, पण शेजारी पिसुर्लेकर ठेवा. राजांचे शौर्य त्याने उणे होत नाही. उलट शौर्याला सुकतीचीही जाण होती, हे कळते. मी आता वर्गात आधी पाणी शिकवतो, मग घोडा.