त्रिकोण जागा दाखवतो, वेळ सांगत नाही

ब्रेनस्टेममध्ये रक्तस्राव झालेला पेशंट काही महिन्यांनी सावरतो, बोलायला लागतो. आणि मग त्याच्या टाळूचा मागचा मऊ भाग, पडजिभेसकट, सेकंदाला एक ते तीन वेळा लयीत उडायला लागतो. बऱ्याचदा झोपेतही थांबत नाही. काहींचे डोळेही हलू लागतात आणि समोरचं सगळं नाचायला लागतं. घरच्यांना वाटतं, दुसरा अटॅक आला. खरं तर नवीन काही झालेलं नसतं, हा जुन्याच जखमेचा उशिरा आलेला परिणाम असतो.

याचं स्पष्टीकरण म्हणून पुस्तकं एक त्रिकोण काढून दाखवतात. पॅरिसच्या गिलँ आणि मोलारे यांनी तो 1931 मध्ये मांडला. एका टोकाला लहान मेंदूतलं डेंटेट केंद्रक, दुसऱ्याला ब्रेनस्टेममधलं लाल केंद्रक, तिसऱ्याला त्याच्या तळाचं ऑलिव्ह. आकृती लक्षात राहते, परीक्षेला उपयोगी पडते. पण तिला जास्तच मान मिळालाय, असं माझं मत आहे.

एक तर, डेंटेटकडून ऑलिव्हकडे जाणारे तंतू लाल केंद्रकाच्या शेजारून जातात, तिथे थांबत नाहीत. फास्ट लोकल विद्याविहारवरून जाते तसं. त्याला टोक का म्हणायचं? दुसरं म्हणजे तिन्ही बाजू सारख्या नाहीत. ऑलिव्हकडून परत लहान मेंदूकडे जाणारी बाजू तुटली, तर हा प्रकार सहसा होत नाही. आणि मुख्य प्रश्न वेळेचा. तार आज तुटली, तर लय महिन्यांनी का?

उत्तर ऑलिव्हच्या विचित्र वागण्यात आहे. संदेश बंद झालेल्या पेशी एरवी सुकतात, इथे त्या फुगतात. एमआरआयमध्ये ऑलिव्ह चमकतं, मोठं दिसतं. या पेशी एकमेकींना थेट विजेच्या जोडणीने बांधलेल्या असतात, आणि डेंटेटचे तंतू ही जोडणी सैल ठेवतात. ते गेले की सगळ्या एका ठेक्यात येतात. लोकलमधलं भजनी मंडळ आठवा. सुरुवातीला टाळ्या विखुरलेल्या असतात, दोन स्टेशनांत सगळा डबा एका तालात.

पण नुसत्या ठेक्याने डोळे एवढे हलतील का? 2010 मध्ये 'ब्रेन' या नियतकालिकात आसिफ शेख आणि सहकाऱ्यांनी याचं गणिती मॉडेल मांडलं. ऑलिव्ह लय देतं, लहान मेंदू ती शिकून मोठी आणि गुळगुळीत करतो. मला हा पेपर आवडतो, कारण त्यात लहान मेंदू नुसता बळी नाही, भागीदार आहे. त्यांचा पुरावा डोळ्यांच्या हालचालींचा. ब्रेनस्टेम डोळ्यांतून वाचायची सवय मुंबईला जुनी आहे. नोशिर वाडिया आणि स्वामी यांनी 1971 मध्ये याच नियतकालिकात नऊ कुटुंबांतला एक आनुवंशिक आजार मंद डोळ्यांवरून वेगळा काढला होता. आज त्याला एससीए-2 म्हणतात, जनुक 1996 मध्ये सापडलं. आजार वेगळा, तिथे डोळे मंदावतात, पण वाचन तेच.

माझी तक्रार पुढे सुरू होते. मॉडेल डोळ्यांचं आहे, टाळूला आणि हाताला ते सहज लागू होत नाही. गॉर्डन होम्स यांनी 1904 मध्ये लिहिलेला हाताचा संथ कंपही असाच उशिरा येतो. पण त्यात डोपामाइनचे मार्गही बिघडलेले असतात, म्हणून काहींना लेव्होडोपाने फरक पडतो. त्रिकोणात ते मार्ग कुठेच नाहीत. शिवाय एमआरआयमध्ये ऑलिव्ह फुगलेलं दिसूनही अनेकांना कंप येतच नाही. का, हे मॉडेल सांगत नाही. गॅबापेंटिन, मेमंटिनने काहींच्या डोळ्यांचं हलणं कमी होतं, पण थांबत नाही.

यासाठी रक्तस्रावानंतर पहिल्या महिन्यापासून तोच पेशंट पुन्हा पुन्हा तपासायला हवा, दर वेळी एमआरआय आणि डोळ्यांचं रेकॉर्डिंग. म्हणजे बोरिवलीहून परळपर्यंत, अर्धं अंग लुळं असताना, दर महिन्याला.