‘स्टेज’मधील ‘आम्ही’

भिल्ल कवी वाहरू सोनवणे हे शहादा (जि. नंदुरबार) परिसरात १९७२ मध्ये उभ्या राहिलेल्या श्रमिक संघटनेचे कार्यकर्ते. त्यांची ‘स्टेज’ ही कविता आदिवासींच्या मूकतेची कविता म्हणून सहज वाचता येते. अंकित अर्थात सबाल्टर्न बोलू शकतो का, हा गायत्री स्पिवाक यांचा १९८८ मधील प्रश्न तिला लावला, की उत्तर नकारार्थी येते : मंचावरचे ‘ते’ खाली बसलेल्यांचे दुःख त्यांनाच सांगतात. परंतु संहितेचा शेवट या वाचनात बसत नाही. स्पिवाक यांचा रोख अंकिताचे बोलणे ऐकणाऱ्या व्यवस्थेच्या अभावावर आहे. येथे खालची कुजबुज ऐकली जाते, मात्र अपराध म्हणून, आणि माफी मागण्याचा दम मिळतो.

शिवाय, घटनेत गप्प बसवलेलेच या कवितेचे निवेदक आहेत. मराठीतील ‘आपण’ श्रोत्याला सामावून घेतो, ‘आम्ही’ त्याला वगळतो. इंग्रजी अनुवादात हा भेद पुसला जातो. या ‘आम्ही’त समीक्षकाला जागा नाही. सिद्धान्त घेऊन आलेला तोही मंचावरच उभा ठरतो. म्हणून कोण बोलू शकतो, यापेक्षा कोणाचे बोलणे उद्धटपणा ठरते, हा प्रश्न या कवितेच्या अधिक जवळचा आहे.