विद्यापीठाने जोगवा मागावा

ग्वाल्हेरातील थाटीपुर ही मुरारच्या अंगाची वस्ती. सरकारी निवासस्थानांमुळे ती पूर्वीपासून ओळखली जाते. जिवाजी विद्यापीठाचे विस्तीर्ण आवार येथून दूर नाही. परंतु अंतर कोसांनीच मोजावे असे नाही. या वस्तीतील किती घरांस विद्यापीठ आपले वाटते, आणि विद्यापीठास या घरांतून काही शिकण्याजोगे आहे असे वाटते काय, हा आमच्यापुढील प्रश्न आहे.

जिवाजी विद्यापीठाची स्थापना १९६४ सालची. त्याच वर्षी ११ डिसेंबरला राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते त्याची कोनशिला बसली. १९४८-४९ च्या विद्यापीठ शिक्षण आयोगाचे अध्यक्ष हेच राधाकृष्णन होते, आणि खेड्यांच्या जीवनाशी बांधलेली ग्रामीण विद्यापीठे असावीत, अशी शिफारस त्या आयोगाने केली होती. म्हणजे समाजाभिमुखतेचा विचार आपल्याकडे आजचा नव्हे. १९६९ साली ३७ विद्यापीठांतून ४०,००० विद्यार्थ्यांनिशी राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने या विचारास पुन्हा चालना दिली आणि २०२२ साली अनुदान आयोगाने समाजसहभागाचा दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम आखून दिला.

या उपक्रमांचे आम्ही स्वागतच करतो. तरुणांनी वर्गाबाहेर पडावे, वस्तीचे पाणी, आरोग्य, शाळा डोळ्यांनी पाहावे, यात अनुचित ते काय? आमचा आक्षेप दिशेविषयी आहे. विद्यापीठाने द्यावे आणि समाजाने घ्यावे, विद्यार्थ्याने प्रश्नावली भरून न्यावी आणि गृहस्थाने उत्तरे देऊन मोकळे व्हावे, अशी ही रीत पडू पाहते. ज्या घरातून माहिती नेली त्या घरी तिचा निष्कर्ष परत येत नाही. श्रेयांक विद्यार्थ्याच्या खाती जमा होतो. वस्तीच्या खाती काय, हे कोणी विचारीत नाही.

ग्वाल्हेरने याहून निराळा पाठ एकदा घालून दिला आहे. १९१८ साली माधवराव शिंदे यांच्या आश्रयाने आणि पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या योजनेने येथे माधव संगीत विद्यालय उघडले. त्यापूर्वी ग्वाल्हेरच्या काही गायकांस मुंबईस पाठवून भातखंड्यांची स्वरलेखनपद्धती शिकविण्यात आली. त्यांतील राजाभय्या पूछवाले पुढे या विद्यालयाचे प्राचार्य झाले. घराण्यांच्या कंठी असलेल्या शेकडो चिजा भातखंड्यांनी गायकांच्या तोंडून मिळविल्या आणि क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांत छापल्या. येथे विद्वान कलावंताच्या दारी शिष्य म्हणून गेला आणि कलावंत विद्यालयात गुरु म्हणून आला. दोन्ही पावले पडली म्हणूनच ते कार्य उभे राहिले.

त्यात हानी झाली नाही असे मात्र नाही. स्वरलिपीत चीज उतरते. तिचा डौल, बोल-आलापाची वाटचाल उतरत नाही. कृष्णराव शंकर पंडित यांनी १९१४ पासून स्वतंत्र संगीतशाळा चालविली आणि घराण्याची तालीम जपली. पुस्तक आणि तालीम या दोहोंची जोड गावास लाभली, हे त्या काळाचे भाग्य. २०२३ साली युनेस्कोने ग्वाल्हेरास संगीतनगरीचा मान दिला, त्याचे श्रेय या दोहोंस आहे.

आमच्या देवळांतील कीर्तन हे अशाच विद्येचे भांडार आहे. तानसेन समारोहाचा आरंभ आजही हरिकथा आणि मिलाद यांनी होतो. कीर्तनकारास आख्यान, संगीत, व्याकरण आणि श्रोत्यांचे मन या चारही गोष्टी साधाव्या लागतात. मग मराठी, इतिहास वा संगीत शिकविणाऱ्या विभागाने त्यास वर्षातून एकदा सत्कारापुरते न बोलविता, मानधन देऊन एका सत्राचा अध्यापक का करू नये? आणि त्याच्यावर लिहिलेला प्रबंध प्रथम देवळाच्या सभामंडपात, श्रोत्यांच्या भाषेत, का वाचला जाऊ नये? गोवा विद्यापीठाने कोसंबी आणि बाकीबाब बोरकर यांच्या नावांची अध्यासने उभारून त्यांचे अभ्यासक्रम नागरिकांसही खुले केले. दार उघडण्याची ती एक चांगली रीत होय. दाराबाहेर पाऊल टाकणे ही तिच्यापुढची पायरी.

अर्थात सारा दोष विद्यापीठांच्याच माथी मारणे योग्य नव्हे. प्राध्यापकाची बढती शोधनिबंधांच्या संख्येवर ठरत असेल, तर संध्याकाळी वस्तीत जाणाऱ्या अध्यापकास त्याचे काय फळ? हे मोजमाप बदलल्यावाचून अभ्यासक्रम कागदावरच राहील. उलट देवस्थानांच्या समित्याही विद्यापीठाकडे उत्सवाचा प्रमुख पाहुणा मागण्यापलीकडे क्वचितच जातात. जुन्या पोथ्या, जमाखर्चाच्या वह्या, उत्सवांच्या पत्रिका कपाटात कसरीच्या तोंडी पडतात. पण अभ्यासकास दाखवावयाच्या म्हटले की संकोच आडवा येतो. दोन्हीकडची कुलुपे दोन्हीकडच्यांनीच काढावयाची आहेत.

जोगवा मागणारा दारी येतो तो नम्रपणे. घरातले धान्य परडीत पडले तरी ते तो आपले मानीत नाही, देवीचे मानतो. समाजाकडे येणाऱ्या विद्यापीठाने ही वृत्ती धरली, तर दोन श्रेयांकांचेही सोने होईल. ती नसेल, तर श्रेयांक दोनाचे वीस केले तरी थाटीपुर आणि विद्यापीठ यांतील अंतर आहे तेवढेच राहील.