ढगातली सूची, कपाटातली नोंदवही

ग्रंथालयात आपण आधी सूची पाहतो, क्रमांक टिपतो आणि मग पुस्तक मागतो. सूचीच नाहीशी झाली तर? पुस्तके जागच्या जागी असूनही नसल्यासारखी होतात. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीला हा अनुभव २०२३ साली आला. सुमारे १७ कोटी ग्रंथ, नकाशे, हस्तलिखिते सांभाळणाऱ्या या संस्थेच्या संगणकांवर २८ ऑक्टोबर रोजी खंडणीखोर टोळीने हल्ला केला. सुमारे ६०० गिगाबाइट माहिती चोरीस गेली, अनेक संगणक निकामी झाले. ग्रंथालयाने खंडणी दिली नाही. सूची वाचकांना पुन्हा दिसू लागली ती १५ जानेवारी २०२४ रोजी, तीही मर्यादित स्वरूपात.

मार्च २०२४ मध्ये ग्रंथालयाने या घटनेचा अहवाल प्रसिद्ध केला. असे प्रसंग संस्था सहसा झाकून ठेवतात. येथे मात्र स्वतःच्या चुका मोकळेपणाने मांडल्या आहेत, आणि त्याबद्दल लेखकांचे कौतुक केले पाहिजे. संग्रहाच्या आणि सूचीच्या सुरक्षित प्रती शिल्लक होत्या. पण त्या उतरवून घ्यायला चालू यंत्रणाच उरली नव्हती. जुन्या यंत्रणांवर विसंबल्यामुळेच सावरायला इतका काळ लागला, असे अहवाल म्हणतो. पगार आणि हिशेबाची कामे मात्र 'क्लाउड'वर होती, ती अखंड चालू राहिली. साहजिकच, पुढची वाट क्लाउडकडे जाते, असा अहवालाचा कल आहे.

क्लाउड म्हणजे आकाशातले काही नव्हे. दुसऱ्याच्या इमारतीतले संगणक भाड्याने घ्यायचे आणि महाजालावरून वापरायचे, एवढाच त्याचा अर्थ. घरची विहीर सोडून नळ घ्यावा, तसे हे आहे. गाळ उपसण्याची कटकट संपते. पण नळाला पाणी आले नाही, तर आपल्या हाती काही नसते.

आमचा पहिला आक्षेप विज्ञानाच्या शिक्षकांना चटकन पटेल. प्रयोगात एका वेळी एकच घटक बदलावा, असे आपण मुलांना शिकवतो. पगाराची यंत्रणा वाचली, ती क्लाउडवर होती म्हणून, की बाकीच्या जाळ्यापासून वेगळी होती म्हणून? की तिची देखभाल करायला पुरेशी माणसे होती म्हणून? एका उदाहरणावरून हे ठरवता येत नाही. वेगळेपणा आणि देखभाल ही खरी कारणे असतील, तर ती आपल्याच इमारतीतही साधता येतात.

दुसरा आक्षेप अधिक महत्त्वाचा वाटतो. क्लाउडमुळे धोके नाहीसे होत नाहीत, त्यांचे रूप बदलते, हे अहवालानेच मान्य केले आहे. पण या नव्या रूपाची चर्चा अधिक विस्ताराने हवी होती. सेवा देणाऱ्याने भाडे वाढवले किंवा धंदा बंद केला, तर आपल्या नोंदी कोणत्या स्वरूपात परत मिळतील? पुस्तकांच्या नोंदींसाठी 'मार्क' हा सर्वमान्य साचा १९६० च्या दशकापासून आहे, त्यामुळे त्या दुसरीकडे नेता येतात. वाचकांची खाती आणि देवघेवीच्या नोंदी यांसाठी तितका सर्वमान्य साचा नाही. आणि परत मिळालेल्या नोंदी उतरवून घेणारा जाणता माणूस ग्रंथालयात उरला असेल का? संगणक बाहेर गेले की ते ज्ञानही बाहेर जाते.

हा प्रश्न लंडनपुरता नाही. आपल्याकडेही राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची 'ई-ग्रंथालय' ही आज्ञावली क्लाउडवरून वापरता येते. जिथे ग्रंथपालाचे काम एखादा शिक्षकच तास सांभाळून पाहतो, अशा शाळेला तिचा उपयोग आहे. ती टाळा, असे आम्ही म्हणणार नाही. मात्र दाखल नोंदवही रद्दीत घालू नका. दर महिन्याला सर्व नोंदींची प्रत स्वतःजवळ काढून ठेवा. वर्षातून एकदा ती प्रत दुसऱ्या संगणकावर खरोखर उघडून पाहा. न उघडलेली प्रत ही केवळ आशा असते. आणि एक दिवस संगणक बंद ठेवून मुलांना पुस्तके देऊन पाहा. आपले ग्रंथालय कोणाच्या हाती आहे, ते त्या दिवशी कळेल.