‘नवखा’ आणि ‘यश’ : व्हिडिओ लॅरिंगोस्कोपच्या तुलनेतील दोन शब्द

स्वरयंत्राचे दर्शन हा विषय वैद्यकाचा खरा. परंतु त्याच्या इतिहासात एका गायनशिक्षकाचे नाव अग्रभागी आहे. मॅन्युएल गार्सिया यांनी १८५४ मध्ये आरशाच्या साहाय्याने स्वतःचे स्वरतंतू हलताना पाहिले व ते निरीक्षण १८५५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले. अत्यवस्थ रुग्णाच्या श्वासनलिकेत नळी घालणारा डॉक्टर त्याच स्वरतंतूंचा शोध घेत असतो. या नात्यानेच भाषाशास्त्राचा अभ्यासक येथे परक्या शास्त्राच्या परिभाषेची चिकित्सा करू धजत आहे.

मॅकिन्टॉश यांच्या १९४३ च्या वक्र पात्याने जीभ उचलून डोळा व स्वरयंत्र एका रेषेत आणावे लागतात. व्हिडिओ उपकरणात कॅमेरा पात्याच्या टोकाजवळ असल्याने या रेषेची गरज बरीच कमी होते. काही पाती मॅकिन्टॉशच्याच घाटाची, काही अधिक वाकडी, तर काहींना नळी सरकविण्यासाठी पन्हळ असते.

‘डिव्हाइस’ या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत १,४१७ अत्यवस्थ प्रौढ रुग्ण होते. नळी घालणारे बहुतेक प्रशिक्षणार्थी होते. पहिल्याच प्रयत्नात नळी बसण्याचे प्रमाण व्हिडिओने ८५.१ टक्के, तर थेट दर्शनाने ७०.८ टक्के आढळले. हा भेद लहान नव्हे. तथापि गंभीर उपद्रवांचे प्रमाण अनुक्रमे २१.४ व २०.९ टक्के, म्हणजे जवळजवळ समानच राहिले. तेव्हा मोजले गेलेले ‘यश’ नळीचे होते; रुग्णाचे यश त्याहून निराळे मोजावे लागते.

शिवाय दिसणे म्हणजे साधणे नव्हे. ज्याच्या मातृभाषेत ळकार नाही असा विद्यार्थी ‘काल’ आणि ‘काळ’ यांतील भेद कानाने लवकर ओळखतो. परंतु ‘केळवे’ म्हणताना त्याची जीभ ‘केलवे’च म्हणते. अधिक वाकड्या पात्याने पडद्यावर स्वरतंतू स्वच्छ दिसतात. पण नळीलाही तशीच वळणदार सळई घालून दिशा न दिल्यास ती दाराशीच अडते.

‘नवखा’ हा शब्द तर त्याहून सैल आहे. पुतळ्यावर प्रथमच हात चालविणारा विद्यार्थी आणि काही डझन रुग्णांचा अनुभव असलेला निवासी डॉक्टर, दोघेही या एकाच नावाखाली येऊ शकतात. पुतळ्याच्या घशात रक्त नसते, वांती नसते आणि त्याचा प्राणवायूही खालावत नाही.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. केळव्याच्या समुद्रात बुडता वाचलेला, किंवा बोईसर-तारापूरच्या कारखान्यात वायूने गुदमरलेला मनुष्य प्रथम एखाद्या तरुण वैद्यकीय अधिकाऱ्याच्याच हाती येण्याचा संभव अधिक. त्याच्यासाठी उपकरण निवडावयाचे तर तुलना करणाऱ्यांनी तीन गोष्टी स्पष्ट सांगितल्या पाहिजेत : नवख्याने पूर्वी किती वेळा व कोणावर नळी घातली होती; स्वरतंतू दिसण्यास आणि नळी बसण्यास वेगवेगळा किती वेळ लागला; आणि अखेर रुग्णाचे काय झाले. यांवाचून निघालेला क्रम उपकरणांचा असेल. त्या अधिकाऱ्याच्या उपयोगाचा नसेल.