खारं, खारट आणि गोडं : समानार्थी शब्दांच्या यादीवर एक आक्षेप

आज विषय विशेषणांचा आहे, पण सुरुवात शाळेच्या वहीपासून करू. 'समानार्थी शब्द लिहा' हा प्रश्न आपण सगळ्यांनी सोडवला आहे. यादीत काय असतं? खारा म्हणजे खारट, कडू म्हणजे कटू, स्वच्छ म्हणजे शुद्ध. मुलं पाठ करतात, गुण मिळतात. माझं म्हणणं असं की या तिन्ही जोड्या चुकीच्या आहेत, आणि ही चूक निरुपद्रवी नाही.

कसोटी साधी आहे. लायब्निट्झने सांगितलेली. दोन शब्द खरोखर एकच असतील, तर एकाच्या जागी दुसरा ठेवल्यावर वाक्याचं खरं-खोटं बदलता कामा नये. आता लावून बघा. दुकानात आपण 'खारे शेंगदाणे द्या' म्हणतो. 'खारट शेंगदाणे द्या' कोणी म्हणत नाही. कारण खारट ही तक्रार आहे. मीठ जास्त झालं, जिभेला लागलं. खारे ही जात आहे. दाण्यांचा एक प्रकार.

तुम्ही म्हणाल, सर, आपल्या वऱ्हाडात 'भाजी खारी झाली' असंही म्हणतात. म्हणतात, मान्य आहे. म्हणजे 'खारा' दोन्ही कामं करतो, जात सांगतो आणि तक्रारही करतो. 'खारट' मात्र एकच काम करतो. समुद्रावरून येतो तो खारा वारा; तो खारट वारा होत नाही. एका बाजूने बदल चालतो, दुसऱ्या बाजूने चालत नाही. मग ते समान कसे?

आणखी एक गंमत बघा. गोड आणि गोडा. गोडे तेल गोड नसतं. गोडा मसाला चाखून पाहा, साखरेची आठवण येणार नाही. कडू आणि कडवा. कडवे वाल ही वालांची एक जात. लिंगवचनाप्रमाणे बदलणारं रूप, खारा-खारी-खारे, गोडा-गोडी-गोडे, हे बहुधा प्रकार सांगतं. न बदलणारं रूप, खारट, गोड, कडू, हे चव सांगतं. याला नियम म्हणू नका, अपवाद सापडतील. पण भाषेने इथे काहीतरी वेगळं करून ठेवलंय, आणि यादी ते पुसून टाकते.

आता हे आपल्या जिल्ह्यात आणू. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा तुम्हाला माहीत आहे. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा या तालुक्यांतली कितीतरी गावं त्यात येतात. तिथला माणूस म्हणतो, 'आमच्या विहिरीचं पाणी खारं आहे.' हे जमिनीबद्दलचं विधान आहे. विहीर खोल केली तरी गोडं पाणी लागेलच असं नाही, उन्हाळा-पावसाळा सांभाळून जगावं लागतं, हे सगळं त्या एका शब्दात आहे. बाहेरून आलेला माणूस घोटभर पितो आणि लिहितो, 'पाणी किंचित खारट लागते.' वाक्य खोटं नाही. पण जमिनीचा प्रश्न आता जिभेचा प्रश्न झाला. आणि जिभेचा प्रश्न सवयीने सुटतो असं आपण मानतो.

मूळ शब्दही पाहा. 'खारा' आला 'क्षार'वरून, 'लवण'वरून नाही. पापडखार जिभेवर ठेवा, ती मिठाची चव नव्हे. लोणारचं सरोवर तर याचा नमुनाच आहे. गावाचं नाव लवणासुराशी जोडतात, पण पाणी नुसतं मिठाचं नाही, ते तीव्र अल्कधर्मी आहे. त्याचा सामू १० च्या आसपास जातो. आणि त्याच विवराच्या काठावर गोमुखाची धार, गोड्या पाण्याची! स्पॅनिश लोकही नदीच्या पाण्याला गोडं पाणीच म्हणतात, 'आग्वा दुल्से'. खाऱ्याला 'सालादा', आणि मधल्याला, आपल्या मचूळ पाण्यासारख्याला, 'सालोब्रे'. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात पृथ्वीला सहा रस दिलेत, पाण्याला एकच, मधुर. म्हणजे गोडेपणा हा तिथे पाण्याचा स्वभाव मानलाय. खारेपण बाहेरून आलेलं.

कडू आणि कटू थोडक्यात सांगतो. आयुर्वेदातलं त्रिकटू म्हणजे सुंठ, मिरी, पिंपळी. यातलं कडू काय आहे? काही नाही, तिन्ही तिखट. संस्कृतचा कटू हा आपला तिखट. आपला कडू म्हणजे संस्कृतचा तिक्त. यादीने आवाज ऐकला, अर्थ चाखलाच नाही.

आता तिसरी जोडी, आणि माझा खरा आक्षेप. स्वच्छ आणि शुद्ध. २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे लोक चवदार तळ्याचं पाणी प्यायले. नंतर सनातनी मंडळींनी त्या तळ्यात शेण आणि गोमूत्र घालून तळं 'शुद्ध' केलं. वाक्यात 'शुद्ध'च्या जागी 'स्वच्छ' ठेवा. ठेवता येतं का? शेण घालून पाणी स्वच्छ झालं, असं म्हणवेल का? कसोटी इथे पूर्ण होते. स्वच्छ डोळ्याला दिसतं, तपासता येतं. शुद्ध हे कोणीतरी ठरवतं. आणि कोण ठरवतं, यावरच तो लढा होता. कोर्टातला निकाल यायला १९३७ उजाडलं. जी यादी हे दोन शब्द एका ओळीत ठेवते, ती मुलांना तो लढा समजण्याची वाटच बंद करते.

आज गावोगावी जारचं पाणी येतं, त्यावर 'शुद्ध' लिहिलेलं असतं. विचारा, कोणत्या अर्थाने? क्षार काढलेत म्हणून, जंतू नाहीत म्हणून, की नुसतं नितळ दिसतं म्हणून? आणि गोडं लागणारं पाणी पिण्याजोगं असतंच असंही नाही. नायट्रेट जिभेला कळत नाही, ते प्रयोगशाळेतच कळतं.

मी शिक्षकांना दोष देत नाही. पर्याय पाठ करण्याची परंपरा अमरकोशापासूनची आहे, आणि शब्दसाठा वाढायला ती उपयोगी आहेच. फक्त प्रश्न बदला. 'समानार्थी शब्द लिहा' याऐवजी मुलांना सांगा : या दोन शब्दांचं एकेक वाक्य असं लिहा, की तिथे दुसरा शब्द चालणार नाही. खारपाणपट्ट्यातलं पोर हे वाक्य शहरातल्या पोराच्या आधी लिहील. त्याला त्याचे गुण मिळू द्या.

थांबतो. तुमच्या गावची अशी जोडी असेल तर जरूर कळवा. पुढच्या वेळी तिथूनच सुरू करू.