भीती कुणाची?

मंडळी, भुताची गोष्ट एकट्याने वाचायची आणि चारचौघांत सांगायची, हा आपल्याकडचा जुना रिवाज. नारायण धारप (१९२५-२००८) यांच्या कादंबऱ्या घराघरांत पोचल्या त्या वाचनालयांतून आणि एकमेकांच्या सांगण्यावरून. राही अनिल बर्वे यांना धारपांची एक कथा १९९३ साली एका मित्राने ऐकवली. पंचवीस वर्षांनी, २०१८ साली, तिच्या प्रेरणेतून 'तुंबाड' हा चित्रपट उभा राहिला. गोष्ट पुढे पोचवणारा माणूस किती मोलाचा असतो, ते यावरून ध्यानात यावे.

आज त्याची गरज अधिकच आहे. मराठीत भयकथा लिहिणारे अनेक नवे लेखक मोठ्या प्रकाशनसंस्थेच्या आधाराशिवाय लिहीत आहेत. कुणी पदरमोड करून पुस्तक काढतो, कुणी 'प्रतिलिपी'वर क्रमशः लिहितो. वृत्तपत्रांतून त्यांची परीक्षणे क्वचितच येतात. वाचकाचा शब्द हीच त्यांची जाहिरात. आणि आपला शब्द काय असतो? "भन्नाट आहे, रात्री वाचू नका!" याला शिफारस कशी म्हणावी? नेपरव्हिलमधले आम्ही काही जण आपापसांत पुस्तके फिरवतो. तेव्हा मी प्रत्येक नव्या कथेला एकच प्रश्न विचारतो: हिच्यातली भीती कुणाची आहे?

हा प्रश्न जुन्यांनाही लावून पाहावा. धारपांच्या 'लुचाई'वर स्टीफन किंगच्या 'सेलम्स लॉट'ची (१९७५) छाया उघड दिसते. ज्या काळी मराठी वाचकाच्या हाती किंग सहजी पडत नव्हता, त्या काळी परकी भीती मराठी गावात रुजवणे हे मोठेच काम होते आणि धारपांनी ते सफाईने केले. पण आमच्या इथल्या सार्वजनिक ग्रंथालयात किंगची पुस्तके ओळीने मांडलेली आहेत. इथे वाढलेली मुले ती मूळातूनच वाचतात. नव्या लेखकाने तीच वाट धरली, तर त्यांना त्यात नवे काय मिळणार?

रत्नाकर मतकरींनी (१९३८-२०२०) दुसरी वाट दाखवली. त्यांच्या गूढकथेत भुतापेक्षा शेजारच्या खोलीतला माणूस अधिक भिववतो. चाळ, फ्लॅट, नोकरी, लग्न यांतूनच ती भीती वर येते. नंतरच्या पिढीतले हृषीकेश गुप्ते यांनी 'अंधारवारी'त भयकथा लिहिल्या, आणि 'दंशकाल'मध्ये त्या अंधाराला एका घराण्याचा इतिहास दिला. 'हाकामारी' या पुस्तकाचे नावच रात्री दारात येऊन हाका मारणाऱ्या बाईच्या लोकसमजुतीतून आलेले. हाकेला ओ द्यायची नाही, ही ताकीद आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी ऐकली असेल. ही भीती उसनी नाही, म्हणून ती टिकते.

आता जरा आपल्या शेजारात डोकावू. 'वीअर्ड टेल्स' हे प्रसिद्ध मासिक मार्च १९२३ मध्ये सुरू झाले ते आपल्या शिकागोतून. त्यातला लेखक एच. पी. लव्हक्राफ्ट १९३७ साली वारला, तेव्हा त्याच्या कथा बहुतांशी अशा मासिकांतच विखुरलेल्या होत्या. मोठे प्रकाशक त्या छापायला तयार होईनात. शेवटी ऑगस्ट डर्लेथ आणि डोनाल्ड वँड्री या दोघा स्नेह्यांनी १९३९ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या सॉक सिटीत 'अर्कहॅम हाउस' काढले. पहिल्या पुस्तकाच्या प्रती छापल्या अवघ्या १,२६८, आणि त्या खपायलाही काही वर्षे लागली. आज लव्हक्राफ्ट जगभर वाचला जातो. एवढी ताकद वाचकाच्या आग्रहात असते.

पण माझा प्रश्न इथेही सोडू नये. लव्हक्राफ्टच्या 'द हॉरर ॲट रेड हुक' (१९२७) या कथेत भीती आहे ती ब्रुकलिनमध्ये येऊन राहिलेल्या परदेशी लोकांची. म्हणजे, मंडळी, भूत आपणच! व्हिक्टर लव्हॅल या कृष्णवर्णीय लेखकाने २०१६ साली 'द बॅलड ऑफ ब्लॅक टॉम'मध्ये तीच कथा एका कृष्णवर्णीय तरुणाच्या बाजूने पुन्हा सांगितली, आणि कोण कुणाला भितो याचा अर्थच पालटला.

अशी कथा मला आपल्या मराठीत हवी आहे. इथे मुंजाला पिंपळ कुठला? आपले भय वेगळे. रात्री तीनला वाजणारा भारतातला फोन, पुण्याच्या फ्लॅटमध्ये एकटी राहणारी आई, कुलूप लावून आलेले कोकणातले घर, आणि जानेवारीत बर्फाने वेढलेल्या घराचे बेसमेंट. हे ज्याला लिहिता येईल, त्याची गोष्ट इथली मुले अडखळत का होईना, मराठीत वाचतील. संस्कारांच्या पुस्तकांनी जे साधत नाही, ते पुढे काय झाले या उत्सुकतेने साधते.

तेव्हा दोन विनंत्या. पहिली, नव्या लेखकाच्या पुस्तकाची चोरटी पीडीएफ पाठवू नका. धारप-मतकरींमागे प्रकाशक होते, वाचनालये होती. स्वतः छापणाऱ्याची शंभर पुस्तके विकली गेली नाहीत, तर त्याचे दुसरे पुस्तक निघणे कठीण. प्रत विकत घ्या आणि तीच मित्राला द्या. दुसरी, शिफारस करताना उणेही सांगा. शेवट घाईत उरकला असेल, मुद्रणदोष डोळ्यांत खुपत असतील, बाईच्या छळाचे वर्णन केवळ चटक म्हणून आले असेल, तर ते मोकळेपणाने बोला. नुसत्या कौतुकाने लेखक वाढत नाही आणि फसलेला वाचक पुन्हा आपले ऐकत नाही.

येत्या दिवाळीत फराळाला जमाल, तेव्हा प्रत्येकाने एका नव्या लेखकाची एक कथा सांगावी, शेवट मात्र सांगू नये. ज्याला राहवणार नाही, तो पुस्तक मागवील.